सोमवार तुझा होता, वयनी

वयनी, परवा तुझ्या शोकसभेत एक माणूस माइकसमोर उभा राहून खोटं बोलला आणि सगळ्या सभेने माना डोलावल्या.

माणूस म्हणजे व्यापाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. इतकी वर्षं आपल्या खानावळीच्या पडवीत बसून त्यांनी सुरमई खाल्ली, सोलकढी पुन्हा पुन्हा मागून घेतली, पण तुझं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा खिशातली चिठ्ठी काढून वाचावं लागलं. म्हणाले, "सुलभावहिनींनी उभ्या आयुष्यात एक दिवस सुट्टी घेतली नाही. शेवटच्या क्षणापर्यंत त्या चुलीसमोर उभ्या राहिल्या. आजकालच्या मुलींनी हा आदर्श डोळ्यांसमोर ठेवावा." पहिल्या रांगेत दादा मान खाली घालून ऐकत होता. तुझ्या फोटोखाली कोणीतरी 'मालवणची अन्नपूर्णा' असं छापून आणलं होतं.

मी उठले. म्हटलं, "माझी वहिनी दर सोमवारी सुट्टी घ्यायची. आणि ती तिला कोणी दिली नव्हती, तिने घेतली होती."

अध्यक्ष म्हणाले, "ताईंच्या भावना आपण समजू शकतो," आणि माइक पुढच्या वक्त्याकडे गेला.

भावना! मी घडलेलं सांगत होते. तिथे मला दोन वाक्यांवर खाली बसवलं, म्हणून उरलेलं तुलाच सांगते. तुला सगळं ठाऊक आहे, तरी सांगते.

मी तुझी नणंद. ज्या माणसाने तुझ्या सुट्टीला आडकाठी केली त्याची सख्खी धाकटी बहीण. लोकांना वाटतं, नणंदेने भावाची बाजू धरायची असते. तुला माहीत आहे, मी कधी धरली नाही.

अठ्ठ्याण्णवच्या सुमारास दादाने पडवीत टेबलं मांडली. किल्ला बघायला माणसं येऊ लागली होती, त्यांना मासे-भात कुठे मिळेल ते कळत नसे. "घरातल्या बाईच्या हाताला चव आहे," असं दादा सगळ्यांना सांगत सुटला. घरातल्या बाईला कोणी विचारलं नाही. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या. सोमवार ते शुक्रवार बँकेतले, कंत्राटदाराकडचे, बदलीवर आलेले एकटे पुरुष. एका जमातीचा आठवडा संपला की दुसऱ्या जमातीचा सुरू, आणि मधे तू. उजाडता उजाडता किनाऱ्यावर लिलावाला, तिथून आल्यावर मासे साफ करणं, नारळ खवणं, वाटप, वड्यांचं पीठ. दुपारच्या पंगती उठल्या की भांडी, आणि भांडी वाळायच्या आत संध्याकाळची तयारी.

मी सरकारी कचेरीत. कचेरी सुटली की छत्री उचलायची आणि घरी यायचं. रविवार माझा, दुसरा-चौथा शनिवार माझा. त्यासाठी मी कधी कोणाशी भांडले नाही. माझ्या आधी कोणीतरी भांडून ठेवलं असेल. तुझ्यासाठी कोण भांडणार होतं? तुझ्या कामाला तर कोणी कामही म्हणत नव्हतं. "घरातच तर असते," म्हणायचे.

मग तो रविवार. मी पडवीतच होते, म्हणून मला शब्दन् शब्द आठवतो. शिरोड्याहून तुझ्या भावाचा फोन आला. आई सकाळपासून तुझं नाव घेते आहे, लक्षण बरं नाही, निघून ये. तू हात पुसत दादाकडे गेलीस. बाहेर बसभर माणसं बसली होती, अर्ध्यांची पानं वाढलेली. दादा म्हणाला, "एवढी पंगत उठांदे गो. सांजच्या गाडयेन जा."

आणि तू वाढलंस. हे मी विसरत नाही. एक बाई तुला थांबवून तिसऱ्या-शिंपल्यांच्या मसाल्याची कृती विचारत होत्या आणि तू ती नीट सांगत होतीस. संध्याकाळच्या एसटीने तू गेलीस. पोचलीस तेव्हा तुझ्या आईची वाचा गेली होती. दोन दिवसांनी परत आलीस, माझ्या घरी येऊन ओट्याला टेकून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आवशीन माका वळाखल्यान नाय गो शकू."

रडली नाहीस. मीच रडले.

त्यानंतरच्या सोमवारी तू चूल पेटवली नाहीस. दादाला एवढंच सांगितलंस, "सोमारी मी शिरोड्याक जातलंय. दर सोमारी." कोणी हरकत घेतली नाही. उलट वाहवा झाली. मालवणात बायका मला अडवून सांगायच्या, तुझी वयनी आईचं किती करते हो. दादासुद्धा गिऱ्हाइकांना मोठ्या तोंडाने सांगायचा, सोमवारी आमच्याकडे बंद, ही आईकडे जाते. तो सगळा हिवाळा तू एसटीने गेलीस, बोलता न येणाऱ्या आईला चमच्याने पेज भरवलीस आणि रात्रीच्या गाडीने परत आलीस. ही तुझी सुट्टी! एका स्वयंपाकघरातून दुसऱ्या आजारपणात. ती सगळ्यांना मान्य होती.

उन्हाळ्यात आई गेली. दिवस-कार्य झालं. तू परत आलीस तेव्हा मागच्या दारी मासे कापायला बसली होतीस आणि दादा उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. मी आत पाणी पीत होते.

"आवस गेली," तो म्हणाला. "आता सोमार कित्याक व्हयो?"

तू मान वर केली नाहीस. हातातला बांगडा पुरा केलास, बाजूला ठेवलास. "आता सोमार माजो," म्हणालीस.

वयनी, त्या एका वाक्यावर आपल्या घरात जे रणकंदन झालं ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. आईसाठी सुट्टी घेणारी तू देवमाणूस होतीस. तीच सुट्टी स्वतःसाठी मागितलीस तर एका रात्रीत माजलेली झालीस! शेजारीण कुंपणावरून विचारते, "काय दुखता काय तिका?" म्हणजे दुखत असेल तर चालेल. मेलेल्याला, आजाऱ्याला, देवाला, कोणालाही दिवस द्यावा. धडधाकट बाईने तो स्वतःजवळ ठेवला की पाप.

दादाचं म्हणणं, गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. तू म्हणालीस, "जांवदे. मंगळवारी परत येतला." दादा म्हणाला, "पावसात चार म्हयने सुट्टीच आसा मगे!" तू म्हणालीस, "पावसात लावणी कोण करता? तुमी?" त्याने मानलं मात्र नाही. पुढच्या सोमवारी त्याने हट्टाने खानावळ उघडली आणि स्वतः उभा राहिला.

तो दिवस मला मरेपर्यंत पुरेल. मी रजा काढली होती, तू माझ्या घरी झोपाळ्यावर पडली होतीस. भर दुपारी दादा कोपरापर्यंत पीठ घेऊन दारात. वडे तेलात टाकले ते तळाशी बसले, फुगायचं नाव नाही. सोलकढी त्याने गरम करायला ठेवली होती आणि ती फुटली होती. बाहेर माणसं खोळंबलेली. "आता काय करू सांग," म्हणाला.

तू डोळेही उघडले नाहीस. "मी सुट्टीर आसंय," म्हणालीस.

मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावला. हसले की काय झालं मला, ते मलाच कळलं नाही. दादाने मग सोमवारी उघडायचं सोडलं. समजून नव्हे, जमेना म्हणून. हेही लोकांना माहीत असावं.

आणि मग आपले सोमवार. मला सगळे मिळाले नाहीत, किरकोळ रजा असेल तेव्हाच मी यायची. तू काय करायचीस? काही नाही. तेच तर कोणाला पटत नव्हतं. ऊन अंगणात उतरेपर्यंत झोपायचीस. चिवल्याच्या किनाऱ्यावर जाऊन बसायचीस, आणि होड्या आल्या तरी मासळी बघायला उठायची नाहीस. एकदा आपण आचऱ्यावरून जाणारी एसटी धरून देवगडला गेलो. काम काही नव्हतं. बंदरावर आंब्याच्या पेट्या चढताना बघितल्या, दीपस्तंभाकडे चालत गेलो, आणि स्टँडजवळच्या हॉटेलात उसळपाव खाल्ला. उसळ पाणचट होती. मी तोंड वाकडं केलं. तू बशी पुसून खाल्लीस आणि आणखी एक मागवलीस.

"इतकी बरी लागली?" मी विचारलं.

"बरी खंयची," तू म्हणालीस. "पण कोण तरी माका वाडता मगे."

खानावळीत मोबाइल आला तेव्हा आपलं पहिलं खरं भांडण झालं. दादाने तो तुझ्याकडे दिला, कारण ऑर्डर तुलाच कळायच्या. आता सोमवारीही तो तुझ्या कमरेला. किनाऱ्यावर बसलं की वाजायचा. मी म्हणायची, बंद कर, नाहीतर समुद्रात टाकते. तू म्हणायचीस, "फोन घेतल्यान काय चूल पेटता?" एकदा पुण्याचा कोणी गृहस्थ, बारा माणसं घेऊन वाटेत होता. तू ऑफिसातल्या मराठीत त्याला सांगितलंस, "आज सुट्टी आहे."

तो एवढ्या मोठ्याने बोलत होता की मला ऐकू आलं. "हॉटेलला सुट्टी? सीझनमध्ये?"

"हॉटेलला नाही," तू म्हणालीस. "मला."

मी टाळ्या वाजवल्या होत्या. पण माझं म्हणणं मी सोडलं नव्हतं, अजून सोडलेलं नाही. फोनवर 'नाही' म्हणणं हेही कामच आहे, वयनी. दर सोमवारी दहा जणांना नाही म्हणून सांगायचं आणि वर त्यांची नाराजी ऐकायची, ही कसली सुट्टी? तू हसून उडवून लावायचीस आणि उलट माझ्यावर यायचीस. "तुज्या आयतवाराक तू काय करतंस गो? कपडे धुतंस, पडदे धुतंस, नि कचेरीतले कागद घराक हाडून बसतंस. तुका सुट्टी सरकारान दिल्यान, पण ती घेवक खंय येता तुका?" या प्रश्नाचं उत्तर मी पुढच्या खेपेला देईन म्हणून ठेवलं होतं.

मी म्हणायची, एक दिवस पुरत नाही. निदान रोज संध्याकाळी एका वेळेनंतर चूल बंद कर. उशिरा येतील ते उपाशी राहतील, मरत नाहीत. तू म्हणायचीस, "एक दिस माजो आसलो की बाकीचे मी देतंय." देतेस! ते तुझे होते म्हणून देत होतीस, की तुझ्याकडून घेतले जात होते? या शब्दावर आपण किती वाद घातला. तू मला कचेरीतली म्हणून चिडवायचीस, मी तुला गुलाम म्हणाले होते एकदा. तू रागावली नाहीस. "गुलाम सोमारी झोपता काय?" म्हणालीस.

आणि मग शेवटचा वाद. तो मला गिळवत नाही.

दिवाळीनंतर तुला चक्कर यायला लागली. भिंत धरून उभी राहायचीस. विजूने मला सांगितलं. विजू म्हणजे आपल्या खानावळीत तुझ्या हाताखाली राबणारी. सोमवारची सुट्टी तू स्वतः घेतलीस त्याच दिवशी तिलाही दिलीस, आणि त्या दिवसाची मजुरी कापू दिली नाहीस. ती धावत माझ्याकडे आली. मी तडक तुझ्याकडे आले. म्हटलं, डॉक्टरकडे चल.

"जाव्या," तू म्हणालीस.

"कधी?"

"बघूया. सोमारी..." आणि थांबलीस. तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. "सोमार डॉक्टराक देवचंय नाय," म्हणालीस.

"मग बुधवारी चल. उद्या चल!"

"उद्या जेवाण कोण करतला?"

मी ओरडले तुझ्यावर. सगळी पडवी बघायला लागली. तू मसाल्याचा हात तसाच माझ्या तोंडाजवळ आणून "गप गो" म्हणालीस आणि आत गेलीस. सहा दिवस खानावळीचे. सातवा तुझा, आणि तो तू इतक्या भांडणाने मिळवलेला की आजारपणाला द्यायची तुझी तयारी नव्हती. आजारी पडायला माणसाकडे एक दिवस नसावा? मी हे कोणाला विचारू? दादाला विचारलं. तो म्हणाला, "माका बोलली नाय ती." बोलली नाही! तुझ्यासमोर भिंत धरून उभी राहत होती ती, दादा. तुला दिसत नव्हती?

डिसेंबरातल्या गर्दीत, शुक्रवारी सकाळी, वाटप करता करता तू खाली बसलीस. तेवढंच. त्याहून जास्त मला लिहायचं नाही.

तुझी प्राची पुण्याहून आली. तिच्याकडे बघून तूच आठवतेस, तशीच हनुवटी. दहाव्या दिवशी मी मागच्या दारी गेले तर ती पायरीवर लॅपटॉप उघडून बसलेली, कानाला फोन, डोळे सुजलेले. पलीकडून कोणी साहेब तिला काहीतरी 'फक्त बघून घ्यायला' सांगत होता. रविवार होता, वयनी! रविवार, आणि आईचा दहावा. मी फोनकडे बोट दाखवलं. ती हाताने खूण करून म्हणाली, "आत्या, अर्धाच तास."

मी तिच्या हातातून फोन घेतला. मला त्या साहेबाचं नाव माहीत नाही आणि करून घ्यायचंही नाही. म्हटलं, "हिची आई गेली आहे. हिला सुट्टी आहे." तो म्हणाला, "हो हो, मॅडम, आम्हाला कल्पना आहे, आय अॅम सॉरी, फक्त एक फाइल..." मी फोन बंद केला. प्राची माझ्यावर भडकली. तुम्हाला कळत नाही आत्या, आमच्याकडे असं चालत नाही, नोकरी जाईल. मीही भडकले. मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडली की माझा पदर भिजला. रडता रडता म्हणाली, "आई मला दर सोमवारी फोन करायची. मी मीटिंगमध्ये असायचे."

तेरावं झालं. खानावळ पुन्हा उघडली. उघडावी, त्यात वाईट काही नाही. पण पहिलाच सोमवार आला आणि दादाने एका सहलीच्या गाडीला हो म्हणून ठेवलं. विजूला सांगून पाठवलं, सकाळी ये. विजू सकाळी आली, अंगणात उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. माझ्या भावासमोर या बाईचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"वयनीन दिलेलो सोमार आसा तो," ती म्हणाली. "परत घेवक तुमी कोण?"

आणि गेली. दादा माझ्याकडे आला. म्हणाला, तू समजाव तिला, ती तुझं ऐकते. मी म्हटलं, "समजावणार नाही." तो म्हणाला, "गाडी वाटेत आसा." मी म्हटलं, "मग फोन कर, आणि सांग की सुट्टी आहे." शेवटी माझ्या ओट्यावर बसून त्याने फोन केला. माझ्यासमोर केला. पलीकडच्या माणसांनी काय काय ऐकवलं त्याला, मला माहीत नाही, पण परत जाताना त्याचा चेहरा रडवेला होता. मला दया आली नाही. दादा, हे तिच्या देखत एकदा तरी करायचं होतंस.

सोमवार बंद आहे, अजून तरी. याला तुझा विजय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. सभा संपल्यावर बायका माझ्याभोवती जमल्या. सगळ्या चांगल्या, सगळ्या तुझ्यावर माया करणाऱ्या. एकजण डोळे पुसत म्हणाली, "वर गेली तरी थंय ती गप बसाची नाय. देवाकसुद्धा वडे करून घालीत." बाकीच्या रडता रडता हसल्या. मी नाही हसले. मी म्हटलं, "नाही घालणार." त्या चमकून बघायला लागल्या. वरसुद्धा हिने चुलीपुढेच उभं राहायचं? तिथेही पंगती?

वयनी, तिथे कोणी असं सांगितलं तर उठू नकोस. पाय पसरून बस. कोणी नाव घेऊन हाक मारली तर ओ देऊ नकोस. मी ही इतकी पानं तुला हाका मारते आहे, तर माझ्या हाकेलासुद्धा नको.